पाठीमागे धरलेले हात

राग आला की बालवाडीच्या बाई स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं, पोरासमोर उकिडवं बसायचं आणि विचारायचं, "बरं, झालं ते झालं. आता काय करायचं?"

बालवाडी मानपाड्याला, कारखान्यांच्या मागच्या चाळीत. मी तिथे मदतनीस होते. खिचडी शिजवायची, झाडू मारायचा, पोरांची नाकं पुसायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पट्टी खाऊन. बाईंचे हे प्रकार पाहून मला हसू यायचं.

"बाई, एक धपाटा घाला. दोन मिनिटांत सरळ होईल."

"होईल हो मावशी. पण मी खोलीत असेपर्यंतच."

"मग खोलीतून हलू नका!"

त्या हसायच्या. मनगट सोडायच्या नाहीत.

खिचडी सांडली की बाई पोराच्या हातात फडकं द्यायच्या आणि दुसरं टोक स्वतः धरायच्या. दोघं मिळून पुसायची. पुसता पुसता पोर आपणहून सांगायचं, कुणी ढकललं, कशाला राग आला. वर्षभरात पोरं स्वतःच पुढे यायला लागली, "बाई, मी सांडलं." चार वर्षांचं पोर न घाबरता असं सांगताना तुम्ही पाहिलंय? मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझी नात स्वराही तिथेच होती. एका रविवारी घरी तिच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. माझा मुलगा ओरडला, "कुणी केलं हे?"

ती फडकं घेऊन पुढे आली. "पप्पा, मी सांडलं. आता काय करायचं?"

त्याला वाटलं, पोरगी तोंड वर करून बोलते. त्याने ओट्यावरचं उलथनं उचललं. मी मध्ये पडले नाही. लहानपणी त्याला मी उलथन्यानेच मारायचे. कुठल्या तोंडाने बोलणार?

सोमवारी बाईंनी तिच्या दंडावरचे वळ पाहिले आणि संध्याकाळी घरी आल्या. मुलाने त्यांना दारातच थांबवलं. "मॅडम, तुम्ही एबीसीडी शिकवा ना. आमच्या घरात कशाला? आम्ही काय मार न खाता मोठे झालो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या स्वरासमोर उकिडव्या बसल्या. "घरी काही सांडलं ना, तर लगेच सांगू नकोस."

"मग काय करायचं?" पोरीने विचारलं.

बाईंनी हात पाठीमागे नेऊन मनगट घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "मी नाही केलं, म्हण."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "मावशी, मी तिला खोटं बोलायला शिकवलं."

"मार तरी वाचेल," मी म्हटलं.

"हो," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाई आल्याच नाहीत. कल्याणला कुठल्याशा कपड्याच्या दुकानात लागल्या, असं कळलं. मी भेटायला गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? नव्या बाई पट्टी घेऊन आल्या. पोरं गप्प बसायला लागली.

स्वरा आता सहावीत आहे. परवा माझ्याच हातून कप पडला, फुटला. ती आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिने काही पाहिलंही नव्हतं. आवाज ऐकला आणि तिथूनच ओरडली,

"आजी, मी नाही केलं!"