सासूबाईंना दिसणारे डाग

आमच्या घरात किस्से साठतात तसे दुसऱ्या कुणाच्या घरात साठत नसतील. कारण साधं आहे. माझ्या सासूबाई पोलिसांच्या फॉरेन्सिक व्हॅनवर आहेत. भंडारा जिल्ह्यात कुठे रक्ताचा डाग दिसला की आधी त्यांचा फोन वाजतो. माझ्या लग्नाला पाच महिने झाले. मी बोलते कमी, त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात. पण सुरुवात माझ्या माहेरापासूनच करायला हवी.

*

ही मंडळी मला बघायला अड्याळला आली. आमच्या काकांनी मध्यस्थाकडून आधीच कळवलं होतं, मुलीकडचे शुद्ध शाकाहारी. सासूबाई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या आणि भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आईला वाटलं, पोपडे मोजताहेत. परत येऊन त्यांनी पोह्यांची प्लेट उचलली आणि सहज विचारलं, "घरात डावखुरं कोण आहे जी?"

सगळे मान खाली घालून पोहे खायला लागले.

"नाही, कोंबडी तोच कापत असन. भिंतीवर रक्ताच्या थेंबाच्या शेपट्या साऱ्या एकाच अंगाला आहेत."

काकांनी चहाचा कप हळूच डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. सासरीही कोंबडी शिजते, त्यामुळे लग्न तिथेच ठरलं.

*

मग बपेरा गावातून फोन. मैदानात रक्तच रक्त, बॉडी गायब! व्हॅन निघाली. ड्रायव्हर वासुदेवभाऊंना रक्त बघवत नाही, म्हणून ते कुठेही गेले तरी गाडीचं तोंड उलटं करून लावतात आणि आरशातही बघत नाहीत.

शिपाई नवा, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला. त्याने मैदानाला चारी बाजूंनी दोरी बांधली होती. सासूबाईंनी कापसाची काडी डागावर फिरवली, औषधाचे थेंब टाकले. रक्त असलं तर काडी गुलाबी होते. झाली नाही. चार जागी करून पाहिलं, नाही.

"काल इथं काय होतं?"

दोरीपलीकडचा एक म्हातारा म्हणाला, "मंडई होती बाई, गावची जत्रा. रातभर नाटक होतं."

सासूबाईंनी पेटी बंद केली. शिपायाला म्हणाल्या, "मेलं कोणी नाही. नाटक चांगलं झालं, एवढाच पुरावा आहे. पान थुंकाले कोणी जागचं उठलंच नाही."

*

काडी गुलाबी झाली म्हणजे रक्तच, असंही नाही. एका घरात विळीच्या पात्याला काडी लावली आणि ती लगेच गुलाबी झाली. फौजदारसाहेब घरमालकाला बेड्या घालायला निघाले. सासूबाईंनी घरातल्या बाईला विचारलं, "सकाळी काय चिरलं माय?"

"मुळा."

मुळ्याच्या रसानेही काडी गुलाबी होते. सासूबाई साहेबांना म्हणाल्या, "रंग आला की विचारायचं असते सर, ठरवायचं नसते. ठरवते लॅब." म्हणतात, साहेब तेव्हापासून जेवताना मुळ्याची फोड बाजूला काढून ठेवतात.

*

आमच्या मागच्या दोन खोल्यांत रामसूरतभैया राहतात. यूपीचे. घरांना पीओपीचं सीलिंग करतात. मुलगी पूनम, अकरावीत. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे उंबऱ्याच्या आत हिंदी आणि बाहेर पाय पडला की आमची बोली. भैयांचं दिवसातून दहादा चालतं, "हमारे यहाँ लड़कियाँ ऐसे नहीं हँसतीं. हमारे यहाँ लड़कियाँ ऐसे नहीं बैठतीं."

पूनम एकदा माझ्याजवळ कपडे वाळत घालताना म्हणाली, "वहिनी, बाबूजीचं 'हमारे यहाँ' म्या दोनदाच पाह्यलं. दोन्ही वेळा कोणाचं तरी लग्न होतं."

*

गेल्या महिन्यात तिची पांढरी ओढणी बादलीखाली लपवलेली सापडली. तपकिरी डागांनी भरलेली. पूनम म्हणाली, बीट चिरत होते. बीट घरात आलेलंच नव्हतं. मग तिने खरं सांगितलं. मैत्रिणीची स्कूटी शिकायला बायपासवर गेली होती, तिथे एक म्हातारी गाडीवरून पडली, तिचं डोकं फुटलं. पण खोट्यानंतर आलेलं खरं कोण ऐकतो? भैयांनी शनिवारचं गावाचं तिकीट काढलं. शिक्षण बंद, पूनम काकाकडे राहील, पुढचं काका बघतील.

शुक्रवारी संध्याकाळी ते ओढणी घेऊन आमच्या ओसरीवर आले. मागे पूनम, खाली मान घालून.

"मॅडम, आप टेस्ट कर के बता दीजिए. क्या है ये? लड़की झूठ बोलती है."

"सरकारी केमिकल म्या घरी आणत नाही," सासूबाई म्हणाल्या. "डोळे मात्र माझे आहेत. इकडं आणा."

ओढणी त्यांनी जमिनीवर पसरली. तोच डाग चार ठिकाणी होता, एक गडद, मग फिका, मग आणखी फिका. त्यांनी ओढणीची घडी घालायला सुरुवात केली. तिसऱ्या घडीला चारही डाग एकावर एक बसले.

"रक्तासारखंच दिसते," त्या म्हणाल्या. भैयांनी डोळे मिटले. "पण उडालेलं नाही, पुसलेलं नाही. जखमेवर घडी करून दाबून धरलेलं आहे. बराच वेळ. हे पाहा."

वरच्या घडीवर, डागाच्या मधोमध, चार बोटांएवढी पांढरी जागा होती. कडेने रक्त वर आलं होतं, बोटांखाली आलं नव्हतं.

"पूनम, हात आण."

पूनमने हात ठेवला. बोटं तंतोतंत बसली.

भैया त्या हातावर वाकले. दोन दिवस ते एकच विचारत होते, किसका है. आता म्हणाले, "बच गई?"

"वाचली बाबूजी," पूनम त्यांच्याशीही आमच्याच बोलीत बोलली. "सात टाके पडले तिले."

त्यांनी ओढणी उचलली. सासूबाईंकडे न बघता विचारलं, "मॅडम, ये दाग जाता कैसे है?"

"थंड पाण्यानं. गरम घेऊ नका, पक्का होते."

भैया नळाखाली उकिडवे बसले आणि मुलीची ओढणी धुवायला त्यांनी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. आयुष्यात एकही डाग कुणाला धुऊ न दिलेल्या सासूबाई मला म्हणाल्या, "पाहत काय राहिलीस? मोटर लाव."