पाडव्याला म्हशीपुढं पळणारे आण्णाप्पा

आण्णाप्पा गवळ्यांवर कुणीतरी लाडवातून करणी केली आणि तेव्हापासून दिवाळीचं गोडधोड त्यांच्या घशाखाली उतरत नाही, असं आमच्या गल्लीत छातीठोकपणे सांगतात. शेजारच्या जयाबाईंना तर तो लाडू रव्याचा होता की बेसनाचा, हेसुद्धा ठाऊक आहे.

साफ खोटं. मी त्यांना करंजी खाताना पाहिलंय. एकच करंजी, पण काय खातात! आधी कडेची मुरड कुरतडतात, मग सारण जिभेवर धरून डोळे मिटतात. तेवढ्यात मी सहा फस्त करतो आणि एकीचीही चव मला सांगता येत नाही.

बेळगावात पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. मालक हाका मारत पुढं पळतो, म्हैस बिनदोरीची त्याच्या मागं. मालक थांबला की हसं झालंच. आण्णाप्पा चाळीस वर्षं पळताहेत. दसऱ्यापासून त्यांचं ठरलेलं: सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी जोंधळ्याची भाकरी, मेथी, ताक, दिवेलागणीला जेवण आटोपलं. कुणाकडून फराळाचं ताट आलं की एक जिन्नस उचलायचा आणि हात जोडायचे.

"लई ग्वाड झालंय आक्का, पन पोट जड झालं की पाय ऐकत न्हाईत."

यंदा, १९३८ साली, त्यांचा मुलगा रवळू अडून बसला. "आप्पा, साठी झाली. चंद्रीपुढं मी पळतो."

"मला काय झालंय रं?"

मी तिथंच होतो. हेडमास्तरांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या नकला मी करतो; म्हशीला कानडीतून 'ये, ये' म्हणत घातलेली आण्णाप्पांची हाक तर माझ्या गळ्यात बसलेली. "चंद्रेऽऽ! बा, बा, बा! हुर्र!" गोठ्यात चंद्रीनं मान वर केली.

"बघा मामा, सगळी करामत हाकेत हाय. पळायला कुणीबी चालतंय. मीबी!"

आण्णाप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पैज लावतोस, केशवा? पिंपळापासनं मारुतीच्या देवळापत्तुर. न थांबता पोचलास तर चंद्री रवळूची. मी पुन्हा पळणार न्हाय. बसलास तर महिनाभर गोठ्यातलं शेण तू काढायचं."

"कबूल!"

रवळूचा चेहरा उजळला. आण्णाप्पांचा मात्र जरा उतरला, हे मला दिसलं.

पाडव्याला पिंपळाखाली त्यांनी विचारलं, "काय खाऊन आलास?"

"फराळ! दिवाळी हाय न्हवं?"

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि बाजूला सरले.

माझ्या हाकेवर चंद्री खरंच निघाली. शिंगांना तांबडा रंग, गळ्यात कवड्या. गल्ली टाळ्या पिटत होती. पन्नास पावलं मी राजा होतो. मग पोटात चकल्या-करंज्यांची कुस्ती जुंपली, बरगडीखाली कळ आली, 'बा, बा'चं 'आं, आं' झालं. मी एका ओट्यावर बसलो. चंद्री माझ्याकडं बघत उभी.

"बाजूला सर, पोरा." आण्णाप्पांनी धोतर खोचलं, खांद्यावरचं घोंगडं म्हशीपुढं गरगर फिरवलं आणि सुटले. हाकेत एकदाही दम तुटला नाही. असा आवाज काढायला नुसता गळा पुरत नाही, हे मला ओट्यावर बसल्या-बसल्या कळलं. देवळापाशी रवळू उभा होता. त्यानं वाकून बापाचे पाय धरले.

आज माझा एकोणिसावा दिवस. एक म्हैस दिवसाला किती शेण टाकते, हे पैज लावण्याआधी विचारायला हवं होतं.