काकांची बादली

“अरे, एवढा गूळ? बारसं आहे का इथे कुणाचं?” शेजारचे काका गॅरेजमधून ओरडले, तेव्हा इथे कॅलिफोर्नियात निम्म्या क्युपर्टिनोतल्या मीटिंगा थांबल्या असतील. काका म्हटलं की आपलं भागतं, म्हणून नाव मी कधी विचारलंच नाही. बादलीत गांडूळखताची पुरचुंडी, चमचाभर गूळ आणि माशांच्या टाकीचा पंप. दिवसभर बुडबुडे आले की गांजाच्या तीन झाडांना घालायचा खताचा ‘चहा’ तयार. मी मदत म्हणून अख्खी ढेप टाकली आणि दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की वरून जाणारं विमान वळलं, शपथ!

काकांनी सगळं ओतून दिलं, पुन्हा पुरचुंडी बांधली आणि बादलीला कान लावून बसले. “केमोनंतर तुझ्या काकूला पाणीसुद्धा पचत नाही रे. या झाडांच्या फुलांनी मळमळ थांबेल म्हणतात. तिच्या पोटात जाणार, म्हणून खतही घरचंच.”

पुढे झाडं फुलली. मी दारातूनच ओरडलो, “काका, फुलं नारळाएवढी झाली की! आता काकूंची मळमळ पळणार!”

“मळमळ थांबली,” काका म्हणाले. “परवापासून तिला शुद्ध नाही.”