नवशिकीची पेटी

माझी आई कुसुम टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली तोवर तिला गुणगुणतानाही कोणी ऐकलं नव्हतं. गणपतीच्या आरतीला ती झांज वाजवायची, तोंड मिटून. लहानपणी ती घरच्या पेटीवर सराव करून गाण्याच्या क्लासला जायची. तिथे तिचा गळा बेसूर ठरला, आणि तो निकाल तिने सरकारी आदेशासारखा पाळला.

दोन हजार तीन साली माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, सलोनीला, गाणं शिकायचं होतं. आईची लहानपणची पेटी माळ्यावर पडून होती. मी हिंजवडीत बऱ्या पगारावर असलो तरी फुकटची वस्तू मला सोडवत नाही. म्हणून ती घेऊन आम्ही बुधवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी खोलली, एकेक पट्टी दाबून पाहिली.

"ही बिघडलेली नाही, काकू," तो म्हणाला. "स्वस्तातली आहे. हिचे सूर मुळातच नीट लावलेले नाहीत."

आईने ती पेटी बाजूला सारली. मग तिने दुकानातली सर्वांत चांगली पेटी काढायला सांगितली.

"अगं, नवशिक्या पोरीला एवढी महाग कशाला?" मी म्हणालो. "आधी येऊ तर दे."

"माझे वडील हेच म्हणाले होते. तुझा पगार तुझ्याकडे ठेव, ही माझ्या पेन्शनमधून येईल." तिने पाकीट उघडलं. "मुरलेल्या माणसाला पेटीची लबाडी कळते, सलिल. आठ वर्षांच्या पोरीला वाटतं, आपलाच गळा खोटा."