ठणठणीत

मुलीला चौदावं लागलं आणि घड्याळवाल्यांची भीती वाढली. त्यांचा धाकटा भाऊ याच वयात शाळेच्या मैदानावर धावता धावता कोसळला होता, तो उठलाच नव्हता. त्यांनी धावण्याचा असा धसका घेतला की घरात कुणी दोन पायऱ्या एकदम चढलं तरी ते म्हणत, "सावकाश."

मुलीला तर त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दोन डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं होतं, हृदय ठणठणीत आहे, खेळू द्या. पण भाऊही ठणठणीतच दिसायचा. म्हणून शाळा सुरू झाली की ते दरवर्षी चिठ्ठी लिहीत: हृदय नाजूक आहे, खेळातून सूट द्यावी. मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. बायकोला हे पटत नव्हतं. पण चिठ्ठी लिहिताना ते भावाचा विषय काढायचे, मग तिला त्यांना अडवणं जमायचं नाही.

एका दुपारी शाळेतल्या नव्या खेळाच्या बाई दुकानात आल्या. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून एक बारीकसं चक्र बसवत होते.

"तुमची मुलगी दोन मजले चढली आणि भिंत धरून उभी राहिली," बाई म्हणाल्या. "औषध काय चालू आहे विचारलं, तर म्हणाली, औषध नाही, नुसतं जपायचं. मग मलाच विचारलं, माझ्यासारखी माणसं किती वर्षं जगतात?"

चिमट्यातलं चक्र सुटून फरशीवर घरंगळलं. त्यांनी शोधलंही नाही.

"डॉक्टरांचा कागद आहे का?"

"आहे." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "त्यात काही निघालेलं नाही."

दुकान बंद करून ते घरी आले. सगळं ऐकून बायको म्हणाली, "आता तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

मुलगी जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. त्यांनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"नाही."

"आणि मी रोज उशीवर कान ठेवून ठोके मोजत झोपते, ते?"

तिने पायात बूट सरकवले आणि नाड्याही न बांधता ती जिना उतरून पळाली. ते मागे धावले. किती वर्षांनी धावले, त्यांनाच ठाऊक.

इमारतीमागच्या मैदानावर ती वेडीवाकडी धावत होती. अर्धी फेरी झाली आणि ती मटकन खाली बसली. चेहरा लालबुंद, श्वास भात्यासारखा. जवळ जाऊन घड्याळवाल्यांनी तिचं मनगट पकडलं आणि ते ठोके मोजू लागले.

"हात सोडा, बाबा."

"एक मिनिट. मला भीती वाटते गं."

"मला पण वाटायची. तुम्हाला निदान त्या कागदांत काय आहे ते तरी माहीत होतं."

त्यांनी हात सोडला. ती हळूहळू सावरली, उठली आणि त्यांच्याकडे न बघता घराकडे चालू लागली.

आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. आईबरोबर मात्र सकाळी भराभर चालायला जाऊ लागली. बाईंनी तिला हळूहळू तयार केलं. आता ती व्हॉलीबॉलच्या संघात आहे, बहुतेक वेळ बाकावरच असते. सामन्याला घड्याळवाले जातात. पण ती खेळायला उतरली, की मैदानाकडे पाठ करून बायकोला विचारतात, "उभी आहे ना?"

"उभी आहे," बायको म्हणते. "वळून बघा की."

अजून त्यांना ते जमलेलं नाही.