आईचा रकाना लेकीला

आमच्या ऑफिसात काँप्युटरमध्ये जे सेव्ह झालं नाही, ते सगळं किस्सा होऊन डोक्यात साठलं. ऑफिस म्हणजे काय, साताऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. माणसं दोन, मी आणि पलूसची सुवर्णा. गिऱ्हाईक एकच, रहिमतपूरचे जनावरांचे डॉक्टर. जनावरांच्या नोंदींचा आमचा प्रोग्रॅम घेताना ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बेंदरापर्यंत वापरून बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर आपली वही बरी!" बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा.

वही जिंकली की मी परत पुण्याला नोकरीवर! कोरेगावला घरी वडिलांनी माझी पुण्याची बॅग अजून माळ्यावर टाकलीच नव्हती.

*

आम्ही 'जनावर' नावाचा एक साचा केला. नाव, वय, मालक. त्याच्या पोटी गाय, म्हैस, बैल असे धाकटे साचे. थोरल्याचं सगळं धाकट्यांना वारशानं मिळतं, परत लिहावं लागत नाही. ही माहिती एक्सएमएल नावाच्या साठवणीच्या फाईलमध्ये उतरवायचा कोड मात्र मी स्वतः लिहिला आणि नेमका वारसाच विसरलो!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन.

"शेखर, गाईचं नाव नाही, वय नाही, मालक नाही. नुसतं दूध आलंय!"

*

सुवर्णानं वारसा जोडला. जोडताना घाईत 'आज दूध किती दिलं' हा रकानाही थोरल्या साच्यात टाकला. आता प्रोग्रॅम बैलालाही तेच विचारू लागला, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकेना.

डॉक्टरांचे कंपाउंडर नाना, साठीचे, कामाला चोख. त्यांनी एका बोटानं टाईप केलं, "देत न्हाई. परत इचारू नये."

*

मग डॉक्टर म्हणाले, "पाहिजे तो रकाना आम्हालाच वाढवता आला पाहिजे." प्रत्येक जनावराचे रकाने वेगळे, ते फाईलमध्ये उतरवताना आमचा घाम निघाला. नाना मात्र लय खूश! आधी 'स्वभाव' आला. ते ठीक. पण पाठोपाठ 'मालकाचा स्वभाव' आला!

"नाना, हे कशाला?"

"आवं, म्हस लाथ मारनार त्ये आधी कळतंय. मालक कवा भडकंल त्ये कुटं कळतंय?"

*

एकदा फाईलच उघडेना. नानांनी रकान्याचं नाव ठेवलेलं, 'लाथ मारते का? कुठल्या बाजूनं?' आम्ही रकान्याच्या नावाचाच टॅग, म्हणजे फाईलमधली खूणचिठ्ठी, करायचो, आणि टॅगला मोकळी जागा चालत नाही, प्रश्नचिन्ह तर नाहीच नाही.

सुवर्णा म्हणाली, "नाना, नाव जरा लहान ठेवा की."

"पोरी, लाथ लहान बसत न्हाई!"

शेवटी आम्हीच हरलो. रकान्याचं नाव टॅगमधून काढून आतल्या मजकुरात लिहायला लागलो.

*

बेंदराच्या आदल्या दिवशी मी निकाल ऐकायला दवाखान्यात गेलो. गावातल्या हौसाक्कांची वगार, म्हणजे म्हशीची तरणी लेक, लस टोचायला आली होती. डॉक्टरांनी तिची माहिती उघडली. 'डाव्या बाजूनं लाथ मारते. जवळ जाऊ नये.'

"हे हिच्या आईचं आहे!" डॉक्टर म्हणाले. "ही बिचारी कुणाच्या वाटेला जात नाही. शेखर, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

मी बघितलं. वगारीच्या नावापुढं तिची आई जोडताना माझ्या कोडनं आईचे वाढीव रकानेही लेकीला चिकटवले होते. वारसा साच्यांपुरता होता, मी तो जनावरांना देऊन बसलो!

"चूक माझी आहे, डॉक्टर. तासाभरात काढतो." मी म्हणालो.

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. "नाना, वही काढा."

घरची ती बॅग माझ्या डोळ्यांपुढं आली.

डॉक्टर सिरिंज भरून वगारीकडं गेले. डाव्या बाजूनं.

सिरिंज कडब्यात, चष्मा गव्हाणीत आणि डॉक्टर शेणात!

नाना त्यांना हात देत म्हणाले, "आवं, आईचं लिवल्यावर लेकीचं येगळं कशाला लिवायचं?"

डॉक्टर लंगडत आले. खुर्ची ओढली, पण बसवेना. उभ्यानंच मांडी चोळत त्यांनी लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडं बघितलं.

"शेखर, ती चूक काढायची नाही!"