ओरेस्टची शेवटची फेरी

कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या शहरात मोठा हॉल एकच. आज बर्फावरची हॉकी, उद्या बास्केटबॉल, मधेच सर्कस नाहीतर कुणाचं तरी गाणं. प्रत्येक वेळी खालचा बर्फ आम्ही हॉलच्या कामगारांनी फळ्यांनी झाकायचा आणि पुन्हा उघडा करायचा. या उस्तवारीत माझा जोडीदार ओरेस्ट, त्याच्या कमरेचा पार भुगा झाला. "हा बर्फ मला पुरून उरला, डॅरिल," तो मला म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी त्याचा शेवटचा सामना होता. मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करायची गाडी तोच चालवायचा. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या फेरीला शेजारच्या सीटवर आपलं माणूस बसवतो, हा आमच्याकडचा रिवाज. ओरेस्टनं बायकोला, व्हर्नाला, बोलावलं होतं. तिचं हृदय थकलेलं. ती राहते त्या वृद्धाश्रमाची बस तिला साडेतीनला न्यायला येणार होती. मध्यंतर त्याच्या आधीच होतं. म्हातारी नवा कोट घालून, मांडीवर टेडी घेऊन बसली होती.

नाताळाआधीच्या सामन्यात आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळं गाव बर्फावर टेडी फेकतं. ते मग इस्पितळातल्या पोरांना जातात. गोल झाला, टेडींचा खच पडला, आणि पंचानं हात हलवले. गोल नाही! आमच्या गावाला धीर म्हणून नाहीच. मी आईबहीण काढत वेचायला उतरलो. ओरेस्ट दर वाकण्याला कण्हत होता.

एकट्या व्हर्नानं टेडी फेकला नव्हता. "पंचाकडे बघितल्याशिवाय फेकायचं नसतं," ती म्हणाली. "बर्फवाल्याची बायको आहे मी."

वेचून झालं, पण त्यात बराच वेळ गेला होता, आणि उरलेला खेळ आधी, मध्यंतर नंतर, असं ठरलं. तेवढ्यात दारात बस आली. ड्रायव्हर थांबायला तयार होईना. त्याला आणखी चार म्हाताऱ्यांना पोचवायचं होतं.

"जाते मी," व्हर्ना म्हणाली. "तू फेरी मार. मला रात्री फोनवर सांग."

ओरेस्टनं हातमोजे काढून माझ्या हातात दिले. "गाडी तू घे."

"वेड लागलंय का, म्हाताऱ्या? तुझी शेवटची फेरी! सगळा हॉल उभा राहणार आहे तुझ्यासाठी."

"राहू दे. दमलो रे मी. आणि हिला दर वेळी एकटीलाच पाठवत आलोय."

"लोक काय म्हणतील?" व्हर्ना पुटपुटली.

"तू चल गं गुमान."

जाता जाता तिनं टेडी माझ्या काखेत खुपसला.

मध्यंतरात मी गाडी काढली. माईकवरून ओरेस्टचं नाव पुकारलं गेलं. आम्हा दोघांची टोपी तीच, जाकीट तेच; वरच्या रांगांना काय कळणार? हॉल उभा राहिला. शेजारच्या सीटवर टेडी हिंदकळत होता. मला हात वर करवेना. डोळ्यांत पाणी आलं, समोरचा बर्फ दिसेना, तरी गाडी हाकत राहिलो.

टाळ्या काही थांबत नव्हत्या. ओरेस्ट तेव्हा बसमध्ये असेल, व्हर्नाच्या खांद्यावर मान टाकून, बहुतेक झोपलेला.